नीरोची फिडल आणि चारशे गुलाम

रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत बसला होता, हे वाक्य मराठी अग्रलेखांत किती वेळा येऊन गेलं असेल याची गणती नाही. दुष्काळ पडला, दंगल झाली, पूर आला आणि मंत्री सत्कार घेत फिरले की नीरो हजर. आपल्या चळवळीच्या सभांमध्येही तो नेमानं येतो. आता ही फिडल तेव्हा जगात नव्हतीच. युरोपात ती यायला कित्येक शतकं जायची होती. इ.स. ६४ च्या जुलैमध्ये आग लागली तेव्हा नीरोसुद्धा रोममध्ये नव्हता, तो अँटियमला होता. परत आल्यावर त्यानं बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या आणि धान्याचा भाव उतरवला, असं टॅसिटस हा इतिहासकार सांगतो. टॅसिटस काही नीरोचा मित्र नव्हे. ट्रॉय नगरीच्या विनाशाचं गाणं तो आगीच्या वेळी गात होता, ही त्या काळात पसरलेली अफवा म्हणून टॅसिटस नोंदवतो. पुढच्या लेखकांनी अफवेची घटना केली आणि आपण तिला फिडल जोडली.

नीरोची वकिली करायला मी बसलेलो नाही. त्यानं इ.स. ५९ मध्ये आईला मारवलं, ६२ मध्ये पहिल्या बायकोला. आगीचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडून त्यांना रात्रीच्या दिव्यांसारखं जाळलं. जळालेल्या वस्तीच्या जागेवर स्वतःसाठी सोन्याचा महाल उभारला. माझा आक्षेप वेगळा आहे. रोमच्या सम्राटांच्या अत्याचारांची जी यादी आपल्यापर्यंत आली आहे, ती कुणी केली? त्या यादीत काय बसलं आणि काय बसलं नाही? जातीच्या प्रश्नाकडे पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडच्या बखरी, गॅझेटियरं आणि पाठ्यपुस्तकं वाचताना आपण हेच विचारत आलो आहोत. रोमला सूट का द्यायची?

यादी करणारे तीन मुख्य लोक. टॅसिटस हा सिनेटर होता, ९७ साली तो कॉन्सल, म्हणजे राज्यातल्या सर्वोच्च पदावर होता. स्युटोनियस हा त्याखालच्या, पण तरीही श्रीमंत आणि प्रतिष्ठित अशा अश्वारूढ वर्गातला. सम्राट हेड्रियनच्या पत्रव्यवहाराचा तो चिटणीस होता. तिसरा कॅशियस डिओ, नीरोनंतर दीड शतकानं लिहिणारा, तोही सिनेटर, दोनदा कॉन्सल झालेला. तिघेही गुलामांचे मालक. तिघेही अशा वर्गातले की ज्याच्या हातातून सत्ता निसटून एका घराण्याकडे गेली होती आणि जे ते दुःख पिढ्यान्‌पिढ्या उगाळत होते.

हे लक्षात ठेवून कॅलिगुलाच्या घोड्याकडे बघा. इन्सिटेटस नावाच्या आपल्या शर्यतीच्या घोड्याला त्यानं संगमरवरी तबेला दिला, हस्तिदंती गव्हाण दिली, जांभळी झूल आणि रत्नांची कंठी दिली. त्याला कॉन्सल करायचा त्याचा विचार होता असं म्हणतात, असं स्युटोनियस लिहितो. म्हणजे घोडा कधीच कॉन्सल झाला नाही. पण जगभर सांगितलं जातं ते असंच की कॅलिगुलानं घोड्याला कॉन्सल केलं. हा वेडेपणा नसून सिनेटच्या तोंडावर केलेली थट्टा होती, असं काही आधुनिक अभ्यासक म्हणतात. तुम्ही ज्या पदासाठी जीव टाकता ते माझा घोडाही सांभाळेल, असा तिचा अर्थ. मला हे पटतं. आणि म्हणूनच ही गोष्ट सिनेटरांना इतकी झोंबली की दोन हजार वर्षांनी आपल्यालाही पाठ आहे.

त्याच कॅलिगुलाबद्दल स्युटोनियस आणखी एक गोष्ट सांगतो. रिंगणातल्या हिंस्र प्राण्यांना घालायचं मांस महागलं, तेव्हा त्यानं कैद्यांना रांगेत उभं केलं आणि कुणाचा गुन्हा काय हे न पाहता अमुक टकल्यापासून तमुक टकल्यापर्यंतचे सगळे प्राण्यांपुढे टाका असा हुकूम दिला. ही क्रूर गोष्ट आहेच. पण स्युटोनियस लगेच पुढे जे सांगतो ते वाचताना मी थांबलो. प्रतिष्ठित वर्गातल्या अनेक माणसांना त्यानं डाग दिले, खाणीत पाठवलं, प्राण्यांपुढे टाकलं, अशी तक्रार तो करतो. जोर आहे तो ‘प्रतिष्ठित’ या शब्दावर. डाग देणं, खाणीत पाठवणं, प्राण्यांपुढे टाकणं या शिक्षा रोममध्ये रोजच्या होत्या. त्या कुणाला द्यायच्या, याचा संकेत मोडला हा कॅलिगुलाचा अपराध. दुसऱ्या शतकात तर हा संकेत उघड कायदाच झाला: त्याच गुन्ह्यासाठी वरच्या थरातल्या माणसाला हद्दपारी, खालच्या थरातल्याला खाण, क्रूस किंवा रिंगण. शिक्षा गुन्ह्यावरून नाही तर जन्माच्या आणि दर्जाच्या पायरीवरून ठरवणारा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळला, हे या पोर्टलच्या वाचकाला सांगायला नको.

आता नीरोच्या कारकिर्दीतली एक घटना. ती अग्रलेखांत येत नाही, सिनेमांत येत नाही, आणि नीरोच्या ‘लीलां’मध्येही कुणी तिची गणना करत नाही.

इ.स. ६१. रोम शहराचा प्रमुख प्रशासक पेडॅनियस सेकंडस याचा त्याच्याच एका गुलामानं घरात खून केला. कारण काय, तर टॅसिटस दोन शक्यता देतो. एक, मालकानं स्वातंत्र्याची किंमत ठरवली होती आणि नंतर शब्द फिरवला. दुसरी, दोघांची नजर एकाच तरुणावर होती. खुनी एक होता. पण जुन्या रिवाजानुसार मालकाचा खून गुलामाच्या हातून झाला तर त्या छपराखाली असलेल्या सगळ्या गुलामांना ठार करायचं, कारण त्यांनी मालकाला वाचवलं नाही. ऑगस्टसच्या काळात, इ.स. १० मध्ये, सिनेटच्या ठरावानं हा रिवाज कायद्यात बांधला गेला होता. नीरोच्या काळातच, ५७ साली, सिनेटनं तो आणखी कडक केला: मालकानं मृत्युपत्रानं मुक्त केलेले गुलामही त्या घरात राहत असतील तर त्यांनाही हीच शिक्षा. पेडॅनियसच्या घरात चारशे गुलाम होते. त्यात बायका होत्या, मुलं होती, म्हातारे होते. बहुतेकांना त्या रात्री काय झालं याचा पत्ताही नसणार.

शहरातले सामान्य लोक रस्त्यावर आले. एवढ्या निरपराधांना मारू नका म्हणून त्यांनी सिनेटला वेढा घातला. रोमच्या झुंडीला फक्त भाकरी आणि खेळ हवे असत, असं आपण शाळेपासून ऐकतो. ही तीच झुंड होती. आणि यातल्या कितीतरी घरांत आजा-पणजा गुलाम असणार.

आत सिनेटमध्येही काहींना ही शिक्षा अती वाटत होती. तेव्हा गायस कॅशियस लाँजायनस उभा राहिला. हा त्या काळातला सर्वात नावाजलेला कायदेपंडित. त्याचं भाषण टॅसिटस तपशिलानं देतो, आणि ते मी दोन-तीनदा वाचलं, कारण त्यात राग नाही, वेड नाही, व्यसन नाही; आहे ती थंड, सुसंस्कृत बुद्धी. त्याचा मुद्दा असा: आपल्या पूर्वजांनी आपल्याच वाड्यात जन्मलेल्या गुलामांवरही विश्वास ठेवला नव्हता. आता तर आपल्या घरांत परक्या देशांतले, परक्या देवांचे किंवा देवच नसलेले लोक भरलेत. असल्या गर्दीला धाकाशिवाय आवरता येत नाही. निरपराध मरतील हे खरं, पण मोठा धडा घालून द्यायचा तर थोडा अन्याय होणारच. व्यक्तीवर झालेल्या अन्यायाची भरपाई सार्वजनिक हितातून होते. त्याला उत्तर द्यायला एकही सिनेटर एकटा उठला नाही, असं टॅसिटस लिहितो. नुसता गलका झाला: संख्या बघा, वय बघा, बायका बघा. मग बहुमत कॅशियसच्या बाजूनं गेलं. गुलामसुद्धा माणसंच आहेत असं पुढे एका पत्रात सुंदर लिहिणारा सेनेका तेव्हा नीरोचा सल्लागार होता. या प्रसंगाच्या वृत्तांतात त्याचं नावही नाही.

लोक दगड आणि मशाली घेऊन आडवे आले. नीरोनं त्यांची जाहीर कानउघाडणी केली आणि चारशेंना ज्या रस्त्यानं न्यायचं होतं त्या सगळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिक उभे केले. चारशे मारले गेले. मग आणखी एका सिनेटरनं सुचवलं की त्या घरात राहणारे मुक्त केलेले गुलामही इटलीतून हद्दपार करावेत. नीरोनं हे अडवलं. जुना रिवाज दयेनं सैल झाला नसेल तर तो क्रौर्यानं आणखी आवळूही नये, असा त्याचा अभिप्राय. त्या दिवशी रोममध्ये जे काही थोडं आवरतं घेतलं गेलं, ते ‘राक्षस’ नीरोनं घेतलं. पुन्हा सांगतो, यानं तो चांगला ठरत नाही. सैनिक त्यानंच उभे केले. पण कत्तलीची कल्पना, तिचा कायदा, तिचं समर्थन आणि तिचं मतदान हे सगळं सभ्य माणसांचं होतं.

या कॅशियसचं पुढे काय झालं? ६५ साली नीरोनं त्याला सार्डिनियाला हद्दपार केलं. आरोप असा की ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी कॅशियसचं चित्र त्यानं पूर्वजांच्या तसबिरींमध्ये ठेवलं. तोवर तो म्हातारा झाला होता, दृष्टी गेली होती. व्हेस्पाशियनच्या काळात तो परत आला. नीरोच्या बळींची यादी कुणी केली की त्यात या कॅशियसचं नाव आदरानं येतं. चारशेंपैकी एकाचंही नाव कुठे नाही.

मला वाटतं, यादीचं सगळं गुपित इथं आहे. ‘अतिरेक’ या शब्दासाठी आधी एक मर्यादा लागते, आणि ती मर्यादा कुठे आखायची ते सिनेटरच ठरवत. सिनेटरला मारलं तर तो अतिरेक. सम्राटानं रंगमंचावर गाणं म्हटलं, रथ हाकला, तर तोही अतिरेक, कारण गाणं-बजावणं हे गुलामांचं आणि हलक्यांचं काम. नीरोची लायर वाजवण्याची हौस त्याच्या खुनांच्या शेजारीच, जवळपास त्याच तिटकाऱ्यानं नोंदवलेली आहे. आपल्याकडे तमाशात उभं राहणाऱ्यांना आणि डफ वाजवणाऱ्यांना ज्या नजरेनं पाहिलं गेलं ती नजर ओळखीची असेल, तर टॅसिटसचा हा सूर चटकन ओळखू येतो.

उलट बाजू बघा. ‘चांगले’ सम्राट कोण? ऑगस्टस चांगला. त्यानं स्वतःच्या कर्तबगारीचा जो मजकूर लिहून ठेवला तो अंकाऱ्याच्या एका मंदिराच्या भिंतीवर आजही कोरलेला आहे. त्यात तो अभिमानानं सांगतो की मालकांकडून पळून शस्त्र हाती घेतलेले सुमारे ३०,००० गुलाम आपण पकडून शिक्षेसाठी मालकांच्या हवाली केले. आपल्या चरित्रात मिरवण्याजोगी गोष्ट म्हणून त्याला हे वाटलं, आणि कुणा रोमन इतिहासकारानं त्याला यासाठी नावं ठेवली नाहीत. टायटस तर चांगल्यांहून चांगला. मानवजातीचा लाडका असं स्युटोनियस त्याला म्हणतो. या लाडक्यानं इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पाडलं आणि त्याच वर्षी धाकट्या भावाच्या वाढदिवसाला सिझेरिया शहरात २,५०० हून जास्त ज्यू कैदी प्राण्यांशी झुंजवून, एकमेकांशी लढवून आणि जाळून मारले. ही माहिती जोसेफसची, आणि जोसेफस टायटसचा आश्रित होता, निंदक नव्हे. ट्रेजनला तर ‘सर्वोत्तम’ ही अधिकृत पदवीच होती. डेशियाच्या विजयानंतर त्यानं १२३ दिवस खेळ चालवले. डिओच्या आकड्यानुसार त्यात १०,००० ग्लॅडिएटर लढले आणि ११,००० प्राणी मारले गेले. ट्रेजन सिनेटशी अदबीनं वागायचा. तेवढं पुरलं.

क्लॉडियस मधला. इतिहासात तो विसरभोळा, लाळ गळणारा, बायकांच्या आणि नोकरांच्या तालावर नाचणारा म्हणून येतो. फुसिनस सरोवराचं पाणी काढायला त्यानं बोगदा खणला. ३०,००० माणसं ११ वर्षं खणत होती. काम संपल्यावर त्याच सरोवरावर त्यानं लुटूपुटूची नव्हे, खरी आरमारी लढाई भरवली आणि १९,००० माणसं जहाजांवर चढवली. ‘मरायला निघालेले तुला वंदन करतात’ हे सिनेमांत प्रत्येक ग्लॅडिएटरच्या तोंडी घातलेलं वाक्य प्राचीन साधनांत फक्त याच प्रसंगी येतं, आणि ते म्हणणारे नावाजलेले ग्लॅडिएटर नव्हते, शिक्षा झालेले कैदी होते. पण याच क्लॉडियसनं आणखी एक गोष्ट केली. आजारी गुलामांवर खर्च नको म्हणून मालक त्यांना टायबर नदीतल्या बेटावर, वैद्यकाच्या देवाच्या दारात सोडून द्यायचे. क्लॉडियसनं फर्मान काढलं की असे सोडलेले गुलाम मुक्त झाले, बरे झाले तरी मालकाकडे परत जाणार नाहीत. आणि सोडण्याऐवजी कुणी गुलामाला मारून टाकलं तर तो खून धरला जाईल. यासाठी त्याचं नाव कुणी घेतं का? त्याच्या विनोदी चालीबद्दल मात्र सगळ्यांना माहीत असतं.

क्लॉडियसवर सिनेटचा राग का होता, याचं एक मोठं कारण त्याच्या दरबारातले मुक्त केलेले गुलाम. नार्सिसस पत्रव्यवहार सांभाळायचा, पॅलस हिशेब. शिकलेली, कामात तरबेज माणसं, आणि प्रचंड श्रीमंतही झालेली. हात स्वच्छ होते असं मी म्हणत नाही. इ.स. ५२ मध्ये सिनेटनं पॅलसला प्रेटर या उच्च पदाची मानचिन्हं आणि दीड कोटी सेस्टर्स देऊ केले. त्यानं मान घेतला, पैसे नाकारले. पन्नासेक वर्षांनी धाकट्या प्लिनीला टिबरच्या रस्त्यावर पॅलसची समाधी दिसली, तिच्यावर हा सन्मान कोरलेला. प्लिनीचा इतका संताप झाला की त्यानं मुद्दाम सिनेटचा जुना ठराव शोधून वाचला आणि मित्राला लांबलचक पत्र लिहिलं. असले मान असल्या घाणीवर फेकले गेले, हा त्याचा सूर. गुणवत्तेचं पावित्र्य विटाळल्याचा हा संताप आपण कुठल्याही कार्यालयाच्या चहाच्या टेबलावर, राखीव जागेवरून आलेला अधिकारी पाठमोरा झाला की ऐकतो. पॅलस मरून अर्धं शतक उलटलं होतं. प्लिनीचा राग ताजा होता.

दोन बारीक गोष्टी मला या सगळ्या वाचनात सर्वात मोलाच्या वाटल्या. पहिली सेनेकाच्या लेखनातली. गुलाम ओळखू यावेत म्हणून त्यांना वेगळा पोशाख द्यावा असा प्रस्ताव एकदा सिनेटपुढे आला. मग सिनेटरांच्या ध्यानात आलं की असं केलं तर गुलाम आपल्याला मोजायला लागतील. प्रस्ताव बारगळला. दुसरी नीरोच्या काळातली, इ.स. ५६ ची. कृतघ्न मुक्तजनांचं स्वातंत्र्य मालकांना काढून घेता यावं अशी मागणी सिनेटमध्ये आली. त्यावर उलट बाजूनं सांगितलं गेलं की हा वर्ग सगळीकडे पसरला आहे, कित्येक अश्वारूढ आणि सिनेटर घराण्यांचं मूळ यातच आहे. त्यांना वेगळं काढलंत तर जन्मानं स्वतंत्र असलेले किती थोडे आहेत हेच उघड होईल. नीरोनं लिहून कळवलं की एकेक प्रकरण तपासा, सगळ्या वर्गाचे हक्क काढू नका. १९३१ नंतर आपल्या देशात सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे लोकांपुढे का आले नाहीत, यावर मी पुष्कळ लेख वाचले आहेत. सेनेकाच्या त्या दोन ओळींइतकं नेमकं उत्तर मला त्यात क्वचितच मिळालं.

पण वरच्यांना दोष देऊन इथं थांबता येत नाही. ज्या वर्षी पॅलसला सन्मान मिळाला, त्याच वर्षी सिनेटनं एक कायदा केला: स्वतंत्र स्त्रीनं दुसऱ्याच्या गुलामाशी संबंध ठेवला आणि मालकाला ते माहीत नसेल, तर ती स्वतः गुलाम होईल, मालकाची संमती असेल तर ती मुक्त केलेल्या गुलामाच्या दर्जाला येईल. हा कायदा कुणाच्या डोक्यातून निघाला हे क्लॉडियसनं स्वतः जाहीर केलं. पॅलसच्या. सन्मान त्याबद्दलच होता. गुलामगिरीतून वर आलेल्या माणसानं वर येताच केलेलं मोठं काम काय, तर खाली राहिलेल्या पुरुषाशी नातं जोडणाऱ्या बाईला खाली ढकलण्याची तजवीज. प्लिनीच्याच पत्रांत लार्शियस मॅसीडो भेटतो. बाप गुलाम होता, हा सिनेटर झाला, आणि आपल्या गुलामांशी इतका निर्दय वागला की त्यांनी न्हाणीघरात त्याच्यावर हल्ला केला. बाप गुलाम होता हे तो विसरला, किंवा फारच चांगलं लक्षात ठेवून होता, असं प्लिनी म्हणतो. प्लिनीचं हे निरीक्षण खरं आहे, फक्त ते करायचा त्याला आनंद झाला हेही दिसतं. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता हा शब्द दिला तो या दुखण्यासाठी: प्रत्येक पायरीला खालची एक पायरी मिळते, आणि मग जिना पाडायला कुणी येत नाही. बाईच्या लग्नावर पहारा ठेवल्याशिवाय हा जिना उभा राहत नाही, हे पॅलसला नेमकं कळलं होतं.

तरीही रोमची गुलामगिरी म्हणजे जात नव्हे. हा फरक बाबासाहेबांनी बारकाईनं मांडला आहे. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करणारं त्यांचं लेखन निधनानंतर प्रसिद्ध झालं. त्यात ते आर. एच. बॅरो या अभ्यासकाच्या रोमन गुलामगिरीवरच्या पुस्तकाचा आधार घेतात. कायद्याच्या लेखी रोमन गुलाम माणूस नव्हता, पण तो वैद्य होता, शिक्षक होता, लेखनिक होता, ग्रंथपाल होता; त्याच्या स्पर्शानं कुणी बाटत नव्हतं. रोमन नागरिकानं रीतसर मुक्त केला की तो नागरिक होई, आणि त्याच्या मुलाला कायद्यानं कुठलीही आडकाठी उरत नसे. होरेस हा मोठा कवी मुक्त गुलामाचा मुलगा. अस्पृश्याला बाजारात कुणी विकत नव्हतं, पण त्याच्या पणतूलाही त्या पायरीवरून सुटका नव्हती. म्हणून अस्पृश्यता अधिक वाईट, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष. मी एवढंच जोडेन की वैद्य आणि ग्रंथपाल शहरातल्या वाड्यांमध्ये होते; स्पेनमधल्या चांदीच्या खाणीत उतरलेल्या गुलामाला मुक्तीची वाट सहसा दिसली नाही, आणि त्याच्याबद्दल लिहिणारेही थोडेच.

खालून बोललेले अगदी मोजके आवाज आपल्यापर्यंत आले. ऑगस्टसनं मुक्त केलेला फीड्रस प्राण्यांच्या नीतिकथा लिहायचा. गुलामाला जे बोलायचं ते उघड बोलता येत नाही, म्हणून त्यानं ते गोष्टीत दडवलं, आणि नीतिकथा जन्मली, असं तो सांगतो. टायबेरियसचा उजवा हात सेजानस याचा त्या गोष्टींवरून रोष झाला आणि फीड्रसला त्याची झळ बसली. कॅप्री बेटावरच्या टायबेरियसच्या चाळ्यांची वर्णनं चघळणाऱ्या पुस्तकांत फीड्रसला सहसा जागा नसते.

दुसरा एपिक्टेटस. तो गुलाम होता नीरोच्या चिटणिसाचा, एपाफ्रोडिटसचा, जो स्वतः एकेकाळी गुलाम होता. पुढे एपिक्टेटस तत्त्वज्ञ झाला. त्याच्या शिष्यानं लिहून घेतलेल्या प्रवचनांत एक आठवण आहे. एपाफ्रोडिटसकडे फेलिसिओ नावाचा चांभारकाम करणारा गुलाम होता. निकामी म्हणून त्यानं त्याला विकून टाकलं. योगायोगानं तो सम्राटाच्या वाड्यात विकला गेला आणि सम्राटाची पादत्राणं करू लागला. मग एपाफ्रोडिटस त्याला भेटला की विचारायचा, फेलिसिओ महाराज, तब्येत कशी आहे? आणि कुणी आमच्या घरी येऊन मालक कुठे आहेत असं विचारलं, की उत्तर मिळायचं: आत आहेत, फेलिसिओबरोबर मसलत चालली आहे.